पाणी कुठं मुरतं

सहा वर्षं माझ्या पॅसेजच्या छताला एक डाग आहे.
आधी बशीएवढा होता, मग परातीएवढा,
मग मोजायचं सोडून मी खाली बादली ठेवली.
त्या पाण्यानं फरशी पुसते.
गुरुवारी आमच्या धनकवडीत नळाला पाणी नसतं,
छताला असतं.

"गेल्या पावसाचं मुरलेलं उतरतंय," सगळे सांगायचे,
म्हणजे ज्यांच्या डोक्यावर माझी फरशी आहे ते.

एप्रिलात मीटिंग झाली, पार्किंगमध्ये, दोन स्कूटरच्या मधे.
तीन कोटेशनं.
एक म्हणे सगळा कोबा उचकटा.
एक म्हणे वरून पांढरा थर द्या, दहा वर्षांची गॅरंटी
(कंपनीचं वय चार).
तिसऱ्याला अख्ख्या गच्चीवर पत्रा घालायचा होता.
तुळपुळे म्हणाले, गळतं वरच्यांचं, खर्च वरच्यांचा.
मी म्हणाले, पापड मात्र तळमजल्याचे वाळतात.
हे मिनिट्समध्ये आलं नाही,
लिहीत मीच होते.

मग मल्लप्पा मिस्त्री आला, आळंदचा, गुलबर्ग्याकडचा.
चपला काढून गच्चीभर चालला,
तळपायानं उतार वाचत.
"फोडू नका, बाई. आधी भरा.
तोंडं बंद करा, चार बोटं पाणी, दोन दिवस.
मग छत काय बोलतंय ऐका."

भरा!
मे महिन्यात, टँकरला अठराशे मोजून,
तोही सांगितल्याच्या तिसऱ्या दिवशी.
गिरमेबाई तांदळाचं धुवण कढीपत्त्याला घालतात,
कढीपत्त्याच्या कुंडीतून झिरपलेलं तुळशीला.
त्यांच्यासमोर दहा हजार लिटर उन्हात पसरायचे.
मत घेतलं. पाच विरुद्ध तीन.
गिरमेबाईंनी हात वर केला आणि डोळे मिटले.

मंगळवारी रात्री गच्ची भरली.
मिस्त्रीनं कठड्यावर पेन्सिलीनं रेघ मारली.
बुधवारी सकाळी कात्रजचा डोंगर त्यात उलटा पडलेला,
आणि कावळे कुठून कुठून वाळकी पोळी आणून
काठाशी बसून भिजवत होते,
जणू ही सोय त्यांच्यासाठीच होती.
मी खाली येऊन डागाखाली खुर्ची टाकून बसले.
लाईन फुटलेली, म्हणून बुधवारी मोटर लागलीच नाही.
गुरुवार तर बंदचाच.
डाग कोरडा.
बादली कोरडी.
वर चार बोटं पाणी, आणि खाली थेंब नाही.

शुक्रवारी पहाटे पाचला नळ आला,
वॉचमननं मोटर लावली आणि परत झोपला.
सहाला वीस कमी असताना
टप.

मिस्त्री जिन्याच्या डोक्यावरच्या टाकीपाशी चढला.
बॉलकॉक गंजून आडवा झालेला,
ओव्हरफ्लोचा एल्बो मागून तुटलेला,
टाकी भरून वाहिली की सगळं
भिंतीच्या भेगेतून आत,
आतल्या आत माझ्या पॅसेजवर.
कुणाला दिसलं नाही, कारण मागच्या बाजूला
डिश अँटेना आहेत, तिकडं कुणी जात नाही.

म्हणजे सहा वर्षं
आम्ही पहाटे पाणी सांडत होतो
आणि दुपारी टँकरला फोन करत होतो.
रोज वीस मिनिटं धरली तर...
मी कॅल्क्युलेटर काढला, आकडे मारले,
आणि बरोबरचं चिन्ह दाबलं नाही.

बॉलकॉक तीनशे चाळीस. एल्बो साठ.
भेग भरायची मजुरी मिस्त्रीनं सांगितलीच नाही,
तुळपुळ्यांनी मागून खिशात काहीतरी कोंबलं,
मी पाहिलं नाही असं ठरवलं.

राहिलं वर थांबलेलं पाणी.
बूच काढलं की ते सरळ रस्त्याच्या गटारात.
"जाऊ देणार नाही," गिरमेबाई म्हणाल्या, बुचावर पाय ठेवून.
साडी पोटरीपर्यंत खोचलेली, वय एकाहत्तर.
तीन वर्षं ज्या पाइपला आम्ही "पुढच्या वर्षी बघू" म्हणत होतो
तो अर्ध्या तासात वळला
मार्चपासून नुसती हवा फेकणाऱ्या बोअरकडं.
पाणी आत पडताना बराच वेळ
तळ लागल्याचा आवाज आला नाही.

कोबा फोडायचा की नाही, ते दिवाळीनंतर बघू.
रेघ अजून कठड्यावर आहे.
डाग फिकट होतोय, कडा पिवळ्या.
बादली मी हलवलेली नाही.
जाता-येता पायाला लागते,
रिकामी वाजते.