लाखेचा हात

अंबड चौफुलीच्या पुढं, वजनकाट्याच्या मागं
आमचं बॉडीचं गॅरेज.
तिथं माघात एक बंद ट्रेलर आला,
दोन चाकांचा, लिलावातला,
वर पोपटी पत्रा, खाली आंब्याच्या फळ्या.
दार उघडलं, तर लोक नाक धरतात.
मुनीरचाचांनी नाक खाली नेलं.
गुडघ्यांवर रांगत फळी न फळी हुंगली,
जुनं पत्र वाचावं तशी.
हिथं फोरेट सांडलंय.
हिथं डिझेल.
हा गोल डाग ड्रमचा,
आन् हिथं कुणी तरी
सुकट नेलीय, बरीच वर्षं.

मालकीण दारातच उभी.
शिवकांता ढेंबरे, वडीगोद्रीच्या अलीकडची.
म्हणाली, यातून माझी लेकरं जाणारेत.
मोबाइलवर दाखवली:
निळा ट्रे, बारीक चिरलेला तुतीचा पाला,
पाल्यावर दुसरी कात टाकलेल्या अळ्या,
पंधरा गावांना पोचवायच्या.
शेजारच्या वावरात फवारा मारला
तरी तोंड फिरवतात, दादा.

मी म्हणलं, इपॉक्सी मारू, आरशासारखं होतंय.
आरसा नको. वास किती दिवस?
डांबर म्हणलं,
तिनं नुसतं बघितलं.
जवसाचं तेल?
त्याचा वास मला घरचा,
भाकरीवरच्या चटणीचा,
पण अळ्यांचं घर वेगळं.

चाचांनी कानामागची बिडी
या कानावरून त्या कानावर ठेवली.
चपडी लाख, म्हणाले.
स्पिरिट उडून जातं, लाख राहते,
खालचा वास खालीच गाडते.
तीबी किड्यानंच केलेली हाय.
किड्याचं किड्याला चालंल.

चालंल का नाही,
हे आमच्यातल्या कुणालाच ठाऊक नव्हतं.

सोड्याच्या पाण्यानं दोनदा धुतलं.
चार दिवस उन्हात दारं उघडी.
मग ऐंशी नंबरचा पेपर,
आणि माझ्या पापण्यांवर
आंब्याचं पीठ.
रात्री डब्यात भिजलेली लाख
सकाळी चहासारखी झाली,
ती जुन्या धोतरातून गाळली.
हुकाकडून सुरू कर, दाराकडं ये,
चाचा बाहेरून ओरडायचे,
अन् मधनंमधनं डोकं बाहेर काढ,
बंद डब्यात स्पिरिट माणसाला गाणी म्हणायला लावतं.
ते खरंय. दुसऱ्या हाताला
मी काय म्हणत होतो कुणास ठाऊक,
बाहेर आलो तेव्हा सगळं गॅरेज हसत होतं
आणि ओल्या लाखेवर
माझ्या डाव्या पायाची पाच बोटं.

राहू दे, शिवकांता म्हणाली.
तिसऱ्या हातात ती बुडाली, पण गेली नाहीत.
दार तिरपं उघडलं की अजून दिसतात.

आठव्या दिवशी ती एसटीनं आली,
मांडीवर झाकलेला ट्रे.
पन्नास अळ्या, मोजून.
आत ठेवल्या, दार लावलं,
आणि आम्ही तिघं रात्रभर
ट्रेलरच्या दांडीपाशी,
कुणाची तरी सोयरीक आत चालू असल्यासारखे.
स्टीलच्या कारखान्याकडनं आभाळ तांबडं.
चाचांनी बिडी पेटवली नाही.

पहाटे तिनं कडी काढली.
पाल्याच्या नुसत्या शिरा उरल्या होत्या.
पण तीन अळ्या बाजूला,
डोकं वर उचलून, गप्प.

मला काहीच कळेना.
कात टाकायच्या आधी अशाच बसतात, ती म्हणाली.
थांबली.
विष लागलं तरी डोकं असंच वर करतात.

बॅटरी जवळ नेली. फुंकर घातली.
बराच वेळ ती त्यांच्याकडं
आणि त्या तिच्याकडं.
मग दाराबाहेर येऊन
चपला घालता घालता म्हणाली,
झोपल्यात.

आणि चार पावलं जाऊन मागं वळली:
तरी पण, दादा,
आणखी एक हात मारा.