आडवी फळी

खांब शोधणारं यंत्र भिंतीवर कुठेही टेकवलं
तरी टुकटुकतं.
सोळा-सोळा इंचांवर खांब, असं पुस्तकात असतं.
आमच्या बापाने पुस्तक पाहिलेलं नव्हतं.
कागदाची गिरणी बंद होती त्या हिवाळ्यात
एकट्याने त्याने हे तळघर सजवून काढलं,
हाताला येईल ती फळी, मनाला येईल तिथे खिळा,
वरून जिप्समचे तक्ते, त्यावर फिकट हिरवा रंग.
बाहेरून बघाल तर सगळं सुतात.

वर स्वयंपाकघरात माझी बहीण सिर्का.
फ्रिजमागे जमिनीला भोक पाडून
ती दोरी सोडतेय,
टोकाला एक जड नट.
खाली मी, भिंतीत वीतभर चौकोन कापून
दंडापर्यंत हात आत घालून बसलोय,
अडलेल्या गाईपाशी ढोरांचा डॉक्टर बसतो तसा.

"आली?"
"नाही."
"आता?"
"नाही."
"अजून सोडू?"
"सोड."

चार वर्षांत आमच्यात
एवढं बोलणं झालेलं नव्हतं.

सोमवारी मी राहायला आलो, दोन बॅगा आणि हा टीव्ही घेऊन.
किती दिवस, ते तिने विचारलं नाही,
मी सांगितलं नाही.
जेवायला वर येत जा, म्हणाली,
पण टीव्ही खालीच लाव.
हॉकी बघताना ओरडतोस तू. त्यांच्यासारखा.

सुतावरून स्वर्ग गाठतात म्हणे लोक.
आमचं सूत फ्रिजमागून निघून
टक्, टक्,
माझ्या डोक्यावर हातभर उंचीवर अडलं.
आडवी फळी.
आग पोकळीतून वर चढू नये म्हणून
खांबांच्या मध्ये ठोकतात ती.
एकही नियम न पाळणाऱ्या माणसाने
नेमका हा पाळला होता.

"पाळणारच," भोकातून सिर्का म्हणाली.
"सात वर्षांचा असताना शेजारचा सौना जळताना पाहिला होता त्यांनी.
आत माणूस होता."
मला हे ठाऊक नव्हतं.
तिला कधी सांगितलं, हेही ठाऊक नव्हतं.
मी मनगटावरची काचलोकर खाजवत राहिलो.
भिंतीला कान असतात खरे,
पण आमच्या भिंतीला
आधी तोंड पाडावं लागलं.

दुसरा चौकोन कापला, फळीच्या उंचीवर.
बॅटरी मारली. देवदाराचं लाकूड,
चाळीस वर्षांनीही पिवळंधमक,
आणि त्यावर सुतारी पेन्सिलीने एक आकडा.
आधी चुकलेला, खोडलेला,
शेजारी पुन्हा लिहिलेला: १४ आणि ७ अष्टमांश.
ड्रिलचं लांब पातं मी नेमकं त्यावरच टेकवलं होतं.

"थांबलास का?"
"काही नाही. आकडा आहे."
"कसला?"
"लांबीचा."

जिन्यावर मोज्यांचे पाय वाजले.
आठवड्यात पहिल्यांदाच ती खाली आली,
माझ्या खांद्यावरून वाकून
बराच वेळ भिंतीत बघत राहिली.
पोटात आडवी रेघ असलेला सात.
असा सात काढल्याबद्दल शाळेत
आम्ही दोघांनीही बोलणी खाल्ली होती.

"जरा डावीकडे पाड," ती म्हणाली.

जरा डावीकडे पाडलं.
नट खाली आला, मागून दोरी, दोरीमागून केबल,
काळी, थंडगार, थोडी भुशात माखलेली.
टीव्ही लागला. पहिल्या झटक्यात नाही,
तिसऱ्या.

चौकोन दोन्ही अजून उघडेच आहेत.
प्लास्टरचा डबा आणलाय, झाकण नुसतं सैल केलंय.
बाहेर उणे एकोणतीस, सरोवर गोठलेलं,
भिंतीतून गार वारा येतो.
रात्री उशिरा वरून, फ्रिजमागून, आवाज येतो:
"किती झाले?"
मी वरच्या चौकोनाशी तोंड नेऊन
स्कोअर सांगतो.

बुजवायला हवं,
असं दोघंही म्हणतो.