मादी, एक

पहिली चूक टॉवेलची.
दिव्यामागं साधं पांढरं कापड लावायचं असतं.
मी घरचाच टेरी टॉवेल नेला, सेकंड माल,
आणि विजापूर रस्त्याच्या वनविहारात
रात्री साडेआठला जे जे उडून आलं
ते लूपमध्ये अडकलं.
अप्पा हसले: "पाय गुंतायचं कापड हाय ते,
पाहुणं बसवायचं नव्हं."
चाळीस वर्षं पॉवरलूमवर. कानांचं काम कधीच संपलं,
त्यामुळं हसणं मोठं.
चौकीदार टॉर्च घेऊन पळत आला.

त्या गुंत्यात ही होती.
तांदळाची कणी, कणीला पंख फुटले तर.
मागच्या पायावर काट्यांची रांग,
मागाच्या फणीसारखी नीट.
म्हणजे तुडतुडा.
आंब्यावरचा तुडतुडा, कपाशीवरचा तुडतुडा:
हे नाव 'सोलापूरकर' म्हणण्यासारखं,
खरं असतं, पण
कुठल्या पेठेत कुणाचं दार वाजवायचं ते सांगत नाही.

रविवारी कॉलेजची लॅब उघडली. किल्ली माझ्याकडंच असते.
साधे डोळे कपाळावर, की माथ्याच्या कडेला? कडेला.
पंख उदरापेक्षा लांब? किंचित.
शिरांमधल्या घरांत विटकरी ठिपके.
अप्पांनी भिंगाला डोळा लावला, बराच वेळ:
"जकार्ड हाय की गं हे.
डावीकडं एक कार्ड चुकलंय."
मोजले. डाव्या पंखावर खरंच एक ठिपका कमी.

सतराव्या पायरीला पुस्तक थांबलं.
पुढं फक्त नर:
त्याच्या पोटाचं टोक कापून, क्षारात उकळून,
आत जो वाकडा काटा मिळेल
त्या काट्यावर जातीचं नाव.
मादी असेल तर नर शोधा.
मी पुस्तक पालथं घातलं, चहा ठेवला.
अप्पांना विचारलं,
आईचं लग्नाआधीचं नाव काय होतं?
ओठ वाचून त्यांना प्रश्न कळला.
उत्तराला वेळ लागला.
"चंद्रव्वा," म्हणाले. मग, "नाही. चंद्रकला."

मग सहा रविवार.
खैरावर काही नाही, चंदनावर मुंग्या,
बोरीवर, सावलीतल्या फांदीला, पिल्लं.
बोट नेलं की तिरकी चालत
पानामागं जातात, खेकड्याच्या चालीनं.
पाच वेळा कात टाकतात, रिकामे अंगरखे
पानालाच लटकवून ठेवतात.
अंडी पानाच्या शिरेत, चीर पाडून आत.
आणि हे मला वाचूनच कळलं:
कात टाकली की ती पोटातून एक पूड काढतात,
पायांनी अंगभर चोळतात, पाणी धरू नये म्हणून.
अप्पांना खुणांनी सांगितलं.
"खळ," ते म्हणाले. "सुताला लावतो ती."

नर नाही सापडला. किंवा सापडला, उडाला,
त्यांना उडी आधी सुचते.
डबीत चिठ्ठी लिहिली:
सोलापूर, वनविहार, दिव्यावर, १४ ऑक्टोबर,
संकलक भाग्यलक्ष्मी मल्लय्या येमुल.
मादी, एक. जात:
आणि त्यापुढं कोरं. पेन्सिलनं प्रश्नचिन्हही नाही.

परवा अप्पांना सांगितलं, वहीत लिहून,
की ते एकमेकांना हाका मारतात, पण हवेतून नाही.
पोट थरथरवतात, देठ थरथरतो,
दुसरीकडं ती पायांनी ऐकते.
माणसाच्या कानाला काही येत नाही.
ती ओळ त्यांनी दोनदा वाचली.
मग बोरीची फांदी, काटे सांभाळत,
दोन बोटांत धरली,
धोटा अडकलाय का बघताना
ताण्याचं सूत धरायचे तशी.

बोटाला कळेल इतकी मोठी ती थरथर नसते.
मला माहीत आहे. पुस्तकात आकडा आहे.

अप्पा म्हणाले, "चालू हाय."
आणि चौकीदारानं शिट्टी मारली, गेट बंद व्हायची वेळ,
ती त्यांना ऐकू आली नाही
आणि मीही सांगितली नाही.