तीन फ्रेम मागे

फोन आला तेव्हा मी रामबागेत, घरी, जेवत होते.
पोरवालशेठ म्हणाले, बाई मध्येच अडखळते,
आजच या, उद्यापासून लग्नाची गिऱ्हाइकं आहेत.

दुकान राजवाड्यामागच्या गल्लीत.
दर्शनी भिंतीवर नऊ स्क्रीन, एका ओळीत,
आणि त्यांच्यातून एक बाई चालत जाते
महेश्वरी नेसून, डावीकडून उजवीकडे,
रात्रंदिवस.
पहिलीत येते, नववीतून निघून जाते,
पुन्हा पहिलीत.
पदर नेहमी एक स्क्रीन मागे.

चौथीपर्यंत ठीक.
मग तिचा पाय चौथ्या काचेतून निघतो
आणि पाचव्या काचेत पोचत नाही.
डोळ्याला कळेल न कळेल एवढंच.
पण तेवढ्या वेळात
अख्ख्या भिंतीवर ती अर्धीच असते,
उरलेली कुठे असते, कोण जाणे.

शिडीवर मी, रस्त्यापलीकडे लॅपटॉप घेऊन फरहान,
मध्ये मोबाइल, कारण मोटारसायकली थांबत नाहीत.
तो म्हणतो, तीन, दोन, एक,
त्याचे ओठ मला आधी दिसतात
आणि त्याचा 'एक' मागून कानात येतो.
अशा दोघांनी वेळ जुळवायची.

स्लो मोशनमध्ये भिंतीचं शूटिंग केलं,
पायरीवर बसून बोटांनी पुढे-मागे सरकवत मोजलं.
सेकंदाचे पंचवीस तुकडे, त्यातले तीन.
पाचवी तीन तुकडे मागे.

घरी क्रिकेट असलं की हेच.
शेजारचे दुबे भिंतीपलीकडे ओरडतात, "गेलाऽऽ!"
तेव्हा आमच्या टीव्हीवर गोलंदाज अजून
चेंडू मांडीला घासत असतो.
आई म्हणते, आपण सुखी,
आपलं अजून काही बिघडलं नाही.

दोष सापडला सव्वाबाराला.
नऊ स्क्रीनच्या मागे नऊ डब्या, तळहाताएवढ्या.
सात जणी पहिलीला वेळ विचारतात, सारख्या,
परीक्षेत पुढच्या बाकावरचीला विचारावं तसं.
पाचवी विचारत होती दुसऱ्याच कुणाला,
फॉल-पिकोच्या टेबलाखाली, चिंध्यांमध्ये पडलेल्या
एका जुन्या राउटरला,
ज्याला स्वतःलाच धड माहीत नव्हतं.

केबल बदलली. पुन्हा तीन, दोन, एक.
बाई चालली. चौथी, पाचवी, सहावी,
काठाला काठ बरोबर लागला.
फरहाननं अंगठा दाखवला. शेठना व्हिडिओ गेला.

समोरच्या बंद शटरपाशी चौकीदार रामसनेही
थर्मासचं झाकण हातात धरून बघत होता.
म्हणाला, आता थांबत नाही ती.
मी म्हटलं, तेच तर काम होतं, चाचा.
हो, ते बरोबरच आहे, तो म्हणाला.
चहाचा एक घोट घेतला.
रोज तिथं जरा थांबायची.
मला वाटायचं, चप्पल नीट करते.

एवढंच बोलला. मग मफलर कानावर ओढून
काठीनं एका कुत्र्याला उगाच हटकलं.

दुकान साडेनऊला बंद होतं.
प्लेअरमध्ये याद्या दोन, दिवसाची आणि रात्रीची.
रात्रीच्या यादीत प्रत्येक स्क्रीनपुढे एक रकाना असतो,
कुणाला किती मागे ठेवायचं ते भरायला.
फरहान शिडी दुमडत होता.

बिलात लिहिलं, केबल एक, येणं-जाणं, मजुरी.

सराफ्यात अजून तवे तापलेले होते,
गर्दीतून स्कूटर काढताना फरहाननं मागून विचारलं,
सगळीकडे शून्य भरलंस ना?

मी म्हटलं, हेल्मेट आहे,
काही ऐकू येत नाहीये.