ऑगस्ट कोरा

मुलाखतीत पदवीचं त्यांनी विचारलंच नाही.
म्हणाले, प्रोफाइल उघडा.

पडद्यावर माझं वर्ष आलं,
हिरवे चौकोन, काही गर्द, काही फिके.
कुंभारीच्या विडी घरकुलातल्या रात्री त्या,
सोलापुरी उकाड्यात पंखा बंद ठेवून लिहिलेल्या,
कारण वाऱ्यानं अम्माची तंबाखू उडायची.

"काम चांगलंय, मिस येमूल.
पण ऑगस्ट कोरा?"

ऑगस्टात मी सिव्हिलच्या जिन्यात होते,
अम्माच्या छातीचा एक्स-रे उजेडाला धरून.
हे कुठल्या फोल्डरात टाकायचं?

अम्माकडेही कार्ड आहे, कारखान्याचं.
रोजचा आकडा, कारकुनाची सही:
आठशे, हजार, सहाशे चाळीस.
छाट म्हणून फेकलेल्या विड्या त्यात नाहीत.
माझ्या चुका तरी तारखेसकट जपल्यात:
"हे चालत नाही."
"आता तरी चाल."
"होतं तसं परत केलं."

रात्री पत्र्याच्या डब्यातून तिचं कार्ड काढलं,
माझ्या चौकोनांशेजारी धरलं.

ऑगस्ट तिथंही कोरा.
दोघींची रिकामी घरं
एकाच तारखेला सुरू होतात.

तिची
चार दिवस आधी संपतात.