खोडलेला आकडा

वागळे इस्टेट, रोड नंबर बावीस.
पत्र्याच्या शेडखाली दुपारचे सव्वातीन.
रईस मोबाईल माझ्या नाकासमोर धरतो,
"ताई, बघा ना, आठ हजार नऊशे नव्याण्णवचं ड्रिल
चोवीसशे नव्याण्णवला.
आज रात्री बारापर्यंतच."

वरच्या आकड्यावर एक बारीक आडवी रेघ.
मी त्या रेघेकडे बघत राहते.

आमच्या धंद्यात रेघ म्हणजे दिलेला शब्द.
गुण्या लावला, प्लायवर पेन्सिल ओढली
की तिथे कापावंच लागतं,
पातं रेघेच्या कुठल्या अंगानं न्यायचं
तेही आधी ठरवायचं,
नाहीतर ड्रॉवर मिलिमीटरभर अडतो
आणि गिऱ्हाईक वर्षभर बोलतं.
या रेघेनं काय कापलं?
भुसा कुठे पडलाय?

भिंतीवरचं कॅलेंडर उलटं करते.
त्याच्या पाठीवर जूनपासून लिहितेय.
चौदा जून, हेच ड्रिल, तेवीसशे पन्नास.
नऊ जुलै, तेवीसशे.
गणपतीच्या आदल्या आठवड्यात बावीसशे ऐंशी.
आणि घट बसले त्या रात्री
त्याच्या छापील किमतीनं एकदम बाळसं धरलं,
सकाळी तिलाच खोडून म्हणतात
बघा, किती रोडावली!
आठ हजार नऊशे नव्याण्णव
या ड्रिलसाठी आजवर कुणी मोजले असतील
तर त्या माणसाला मला एकदा चहा पाजायचाय.

"पण वर एकशे आठ पीस फुकट आहेत."
"एकशे आठ? जप करायचाय का?"
फोटो मोठा करून मोजतो आम्ही.
सत्तर गिट्ट्या, वीस स्क्रू,
एक टेप, तीन मीटरची,
बाकीचे बिट असे की
सागवान दिसलं तरी वाकतील.

छेडाशेठच्या दुकानात याच ताकदीचं ड्रिल
एकतीसशेला आहे. सूट नाही.
"हातात धर," म्हणतात, "चक हलवून बघ.
याचे ब्रश मी पाच वर्षांनी पण देईन.
त्यांना विचार, देतील काय?"
मी विचारलं होतं. रीतसर, लिहून.
उत्तर आलं, आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे.

एवढं सगळं सांगते खरी,
पण एक गोष्ट रईसला सांगत नाही.

ऑगस्टातला एक मंगळवार. सण नाही, सेल नाही,
लाल पट्टी नाही, उलटं धावणारं घड्याळ नाही.
साठ दात्यांचं पातं,
पाच महिने अठराशे चाळीसवरून हललं नव्हतं,
ते तेराशे दहाला, गुपचूप.
मी विक्रेत्याचं नाव तपासलं.
डब्यावरचं स्पेलिंग तपासलं.
वजन ताडून पाहिलं.
छेडाशेठना फोन लावला, ते म्हणाले
"घे पोरी, मला पण या भावात येत नाय."
फेविकॉलचे हात धुऊन, पुसून आले
तोवर स्टॉक संपला होता.
कॅलेंडरवर तीही नोंद आहे. खोडलेली नाही.
बहाद्दर हातात आयतं आलेलं खरं
पारखता पारखता घालवून बसले.

"मग काय करू, घेऊ?"
उद्या कोलशेतला चौदा कपाटं लटकवायचीत,
ऑर्डर केलेलं ड्रिल शुक्रवारी येणार.
म्हणजे सवलत कितीही असो,
उद्या भिंतीला भोक पडणार नाही.

जुन्या ड्रिलची टोपी उघडते.
ब्रश झिजून नखाएवढे उरलेत.
"जा, छेडांकडून जोडी आण."

पंधरा मिनिटांत येतो. साठ रुपये.
पावतीवर साठच लिहिलंय,
वर काही नाही, खाली काही नाही.
मी ब्रश बसवते, बटण दाबते,
ते खाकरतं, ठिणगी टाकतं आणि धरतं.

रईस अजून मोबाईल बघतोय.
"ताई, पंधरा मिनिटांपूर्वी
सातच नग शिल्लक होते म्हणे."
"आणि आता?"
"आता अकरा."