दहा क्रोनर

सुंदस्वालच्या सुपरमार्केटच्या दाराशी
झाम्फिरा बसते, सकाळी आठपासून.
खाली दुमडलेला पुठ्ठा, त्यावर उशीचा अभ्रा,
पुढ्यात कॉफीचा कागदी पेला.
दार आपोआप उघडतं, आतली ऊब
क्षणभर तिच्या गुडघ्यांवर येते
आणि माघारी जाते.

दिवसभर ती पाणी पीत नाही.
तहान लागत नाही असं नाही.
पाणी प्यायलं की जावं लागतं,
आणि मॉलमधलं ते दार दहा क्रोनर मागतं.
दहा म्हणजे दोन तासांचं "हेय, हेय".
गेल्या वर्षापासून तर दार
नाणीही घेत नाही, कार्ड लावा म्हणतं.
लोकही तेच म्हणतात, खिसे उलटे करून दाखवतात,
रोकड नाही हो.
आणि ते खोटं बोलत नसतात.

म्हणून ती धरून ठेवते.
इथे हिवाळ्यात तीनलाच अंधारतं,
त्याचं तिला बरं वाटतं:
पार्किंगमागच्या झुडपांत लवकर जाता येतं.

बुधवारी चर्चच्या तळघरात फुकट तपासणी.
सोल्वेग नर्स, निवृत्त, चष्मा दोरीला बांधलेला.
टेबलावर फोन, फोनमध्ये दुभाष्या,
तो रुमानियनमध्ये विचारतो:
वेदना, एक ते दहात, किती?
झाम्फिरा बरगड्यांखाली, पाठीकडे, हात नेते.
अंगात ताप आहे, रुमानियन सापडत नाही.
"दुखल," ती म्हणते. "दुखल."
फोनमधला माणूस थांबतो.
हा शब्द माझ्याकडे नाही, म्हणतो.
सोल्वेग रकान्यात प्रश्नचिन्ह काढते.

कुठकुठल्या वाटांनी गेला असेल हा शब्द,
किती वेशींवरून हाकलला गेला असेल,
आणि तरी अजून
आपल्या शेजारच्या खोलीत कण्हल्यासारखा
ऐकू येतो.

बाटली दिव्यासमोर धरली: कोऱ्या चहाचा रंग.
सात दिवसांच्या गोळ्या, एका पाकिटात,
पाकिटावर सूर्य आणि चंद्र काढून दिलेले.
आणि पाणी, सोल्वेग हातानेच पेला उपडा करून दाखवते,
भरपूर, रोज दोन लिटर.
"पानी," झाम्फिरा म्हणते. मान डोलावते.

मग अंगठा बोटांच्या पेरांवर फिरवत
ओठांतल्या ओठांत मोजू लागते.
चार वेळा. नाही, पाच.
चाळीस. पन्नास.
पुन्हा पहिल्यापासून.

सोल्वेगला वाटतं, गोळ्या मोजतेय.
शहाणी बाई, ती मनाशी म्हणते,
आणि पुढच्याला हाक मारते.